पान्हा बांधताना
कोऱ्या मांजरपाटाचा वास आला की नागपुरातलं सुईणीचं शिक्षण आठवतं. शाळा अर्ध्यावर सुटलेली मी, घर दूर. कोणी बोट दाखवलं की वाटे, आता परत पाठवतील. मी बाळंतपण केलेल्या एका बाईला मेलेलं मूल झालं, तेव्हा माझ्याबरोबर शिकणारी सोबतीण सगळ्यांसमोर म्हणाली, ‘हिच्या हातानंच गेलं लेकरू!’ मी ट्रंक भरून ठेवली. तिसऱ्या दिवशी त्या बाळंतिणीला पान्हा दाटला, दूध आटावं म्हणून मांजरपाटाच्या पट्ट्यानं छाती बांधायची होती. हॉस्टेलच्या मेट्रनबाईंनी आम्हां दोघींनाच नेलं. ‘बाळ पोटातच गेलं होतं. धरा एकेक टोक, मिळून ओढा,’ एवढंच बोलल्या. मी माझं टोक सैलच धरलं. बाळंतीणच म्हणाली, ‘भिऊन काहून राहिली वं? बांध न घट्ट.’ पलीकडचं टोक धरून सोबतीण रडू लागली. मेट्रनबाईंच्या उपकारानं मी शिकले. पुढे कितीतरी बाळं या हातांत रडली. तो पान्हा मात्र याच हातांनी बांधलेला.