मेसेजकाकांचा शनिवार
कॉम्प्युटरवर एरर आली की बाकीचं जग डोक्याला हात लावतं. मेसेजकाका चष्मा लावायचे. मग ती एरर, कुणाच्या घरची लग्नपत्रिका वाचावी तशी, मोठ्यानं वाचायचे. आकडे, कंस, स्वल्पविराम, सगळं. मध्ये कुणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून. त्यांचं खरं नाव आमच्याकडे फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं.

सुरतेत पर्वत पाटियाजवळ एका शेठचा साड्यांच्या डिझाइनचा स्टुडिओ होता, तिथे मी कामाला होते. आम्ही पोरीपोरं नव्या कॉम्प्युटरवर. कोपऱ्यात मात्र एक जुनं युनिक्स वर्कस्टेशन होतं, आंदणात आलेल्या कपाटासारखं जड आणि हलवायची कुणाची छाती नसलेलं. जरीकाठाची जुनी डिझाइनं फक्त त्याच्यावर उघडत. त्याला हात लावणार एकटे काका. ते पारोळ्याकडचे. लूमवर कामाला आले आणि शिकत शिकत या खुर्चीपर्यंत पोचले. गरीब बिचारे वगैरे मुळीच नव्हते हं. "या मशीनची सासू मी आहे," असं सांगायचे आणि सासूसारखेच वागायचे.

रिस्टार्ट हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. एकदा माझा कॉम्प्युटर अडकला आणि मी सरळ बटण दाबलं, तर जेवणाचा डबा अर्धा टाकून उठून आले. "साक्षीदाराचा गळा दाबलास, माय. आता काय झालं ते विचारशील कोणाला?" आधी वाचायचं, मग घाबरायचं, हा त्यांचा नियम. दुपारभर मला घाबरायचीही परवानगी मिळाली नाही.

अशा माणसाच्या मशीनवर एका शनिवारी कर्नलचा इशारा आला. कर्नल म्हणजे मशीनच्या पोटातला मुख्य प्रोग्राम. तो सहसा बोलत नाही, आणि बोलला तर समजायचं की प्रकरण गंभीर आहे. बाहेर ठेवलेली डिस्क उत्तर देत नाही, केबल तपासा, असं तो म्हणत होता. काकांनी वाचलं, केबल काढली, पुसली, परत लावली. मशीन चालू. संध्याकाळी पुन्हा तेच. रविवारी सुट्टी, सोमवारी पुन्हा, मंगळवारी थोडं कमी, बुधवारनंतर एकदम शांतता. पुढच्या शनिवारी परत सुरू.

काकांनी शनिवारच्या मागे हात धुऊन लागायचं ठरवलं. शेजारच्या एम्ब्रॉयडरी मशीनवाल्याला जाऊन विचारलं, तुम्ही शनिवारी जास्त वीज खेचता का? त्यानं चहा पाजून वाटेला लावलं. मग संशय सफाईवाल्या मावशींवर आला. त्या अशा भडकल्या की आठवडाभर काकांच्या टेबलाखाली झाडूच फिरला नाही. एरर मात्र वेळेवर आली.

तिकडे शेठचा धीर सुटत चालला होता. लग्नसराईच्या साड्या अडकल्या होत्या. एरर सुरू व्हायच्या आधीच नव्या मशीनचा एक विक्रेता येऊन जुन्याकडे फार गोड नजरेनं बघून गेला होता. शेवटी शेठ म्हणाले, "काका, हवे बस." म्हणजे गुजरातीत, आता पुरे. या शनिवारी इशारा आला तर मशीन भंगारात. मशीन गेलं की काकांना काय काम उरणार, हे शेठ बोलले नाहीत. पण आम्हाला सगळ्यांना कळलं. त्या दिवशी काकांनी मेसेजसुद्धा हळू आवाजात वाचला. मला फार वाईट वाटलं.

शनिवार उजाडला. शेठ स्वतः येऊन काकांच्या खुर्चीत बसले. काकांनी दारावरच्या पोऱ्याकडून ताजी लिंबू-मिरची घेतली आणि नेहमीसारखी मशीनच्या मागे बांधली. तो विक्रेता येऊन गेल्यापासून नजर लागू नये म्हणून ते दर शनिवारी बांधत होते. एरर वाढत गेली तसं लिंबूही मोठं निवडत गेले होते. ते बसायच्या आत इशारा आला.

पुढे शेठ बसलेले, म्हणून काका अंग चोरून मागच्या बाजूनं वाकले. एकच हात कसाबसा आत गेला, लिंबाची गाठ सुटेना. नुसतंच बघावं लागलं. आणि ते तसेच थांबले. मग त्यांनी लिंबाखाली हात धरला. इशारा थांबला. हात काढला, पंख्याच्या वाऱ्यावर लिंबू झुललं, इशारा आला. पुन्हा हात, पुन्हा शांतता.

लिंबू त्यांनी डिस्कच्या केबललाच बांधलं होतं. तिथली एक क्लिप तुटलेली, त्यामुळे ताज्या लिंबाच्या वजनानं केबल ढिली व्हायची. बुधवारपर्यंत लिंबू सुकून हलकं झालं की सगळं सुरळीत. आणि केबल तपासताना काका आधी लिंबू-मिरची आदरानं सोडून बाजूला ठेवायचे. तपासणीत केबल दर वेळी निर्दोष!

गुपचूप लिंबू सोडलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. पण काका उठून उभे राहिले. घरी बोलायचे त्या अहिराणीतच बोलले, "शेठ, चोर सापडना. मीच शे." म्हणजे चोर सापडला, तो मीच आहे.

शेठ हसता हसता खुर्चीतून घसरले. मशीन राहिलं, काकाही राहिले. लिंबू-मिरची तेवढी शेठनी काढू दिली नाही, कारण तिच्यामुळेच मशीन भंगारातून वाचलं असं त्यांचं ठाम मत झालं. फक्त केबलऐवजी ती भिंतीवरच्या खिळ्याला लागली. काका मावशींच्या घरी पेढे घेऊन गेले. त्यांनी पेढे ठेवून घेतले आणि आणखी दोन शब्द सुनावले.

पुढे काकांची नजर अधू झाली आणि ते गावी जायला निघाले. शेवटच्या दिवशी मशीन त्यांनी स्वतः बंद केलं. पडद्यावरच्या ओळी एकेक करून मोठ्यानं वाचल्या, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. माझे डोळे भरून आलेले बघून रागावले. "रडतेस काय? मेलं नाही ते. नीट बंद झालं."

परवा पारोळ्याहून त्यांच्या मुलाचा फोन आला. काकांनी सकाळी चहा घेतला, नातवाकडून पेपर पूर्ण वाचून घेतला, मध्ये तो अडखळला तर पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं, आणि मग डोळे मिटले. मुलगा रडत होता. मला दुसरं काही सुचेना. म्हटलं, दादा, काका नीट बंद झाले.