आभारात ढकललेलं नाव

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि ज्यांनी माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला त्या सरांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

माझा एक शोधनिबंध आहे. एकच म्हणा — बाकीचेही आहेत, पण त्यांना कोण विचारतं? या एकाचा हवाला मात्र जगभरचे लोक अजून देतात. बढती, प्राध्यापकपद, शाली, नारळ — सगळं त्याच्यावर उभं. रोज सकाळी चहा घेता घेता मी संगणकावर बघते, आज कुणी त्याचं नाव घेतलं का. आनंदासाठी नाही. कुणी काही भलतं विचारलंय का, एवढंच बघते.

गिरणी संपाचं दुसरं वर्ष होतं. आमच्या सरांची प्रयोगशाळा परळला, आजूबाजूचे भोंगे बंद. मी गिरगावची, कारकुनांच्या घरातली. संशय घेणं हा आमच्या घराचा स्वभावच — दूधवाल्यापासून जावयापर्यंत कुणी सुटत नसे. वसुधा परब माझ्या हाताखाली काम करायची. लालबागची, वडील गिरणीत, म्हणजे तेव्हा घरी बसलेले. जेलवर डीएनएचे तुकडे वेगळे करण्यात तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. हेसुद्धा मी आजच कबूल करतेय.

त्या काळी परदेशातल्या कुणाला आपला निबंध वाचायचा असला की तो पोस्टकार्ड पाठवायचा — एक प्रत धाडा. कार्डं किती आली यावर आमची पत ठरायची. मी ती खणात जपून ठेवायची, पुन्हा पुन्हा मोजायची. प्रती पाठवायचं काम वसुधाचं. आणि एक दिवस कार्डं कमी भरली. पुढच्या आठवड्यात आणखी कमी.

कार्डं कुणाला हवी असतील? पत्ते हवे असतील त्यालाच! ही परस्पर बाहेरच्यांना पत्रं लिहितेय, आमची न छापलेली निरीक्षणं कळवतेय, तिकडे स्वतःची सोय लावतेय — मी सगळं मनात जुळवून टाकलं. मग ती नुसती हसली तरी मला खटकायचं. सरळ विचारलं का तिला? नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं ना.

नवा निबंध, म्हणजे आज गाजतोय तोच, मीच टाइप केला. सरांचं, माझं आणि वसुधाचं अशी तीन नावं ठरली होती. मी दोनच टाइप केली. वसुधाला शेवटी, बारीक अक्षरातल्या आभारात ढकललं — तांत्रिक मदतीबद्दल. सर निवृत्तीच्या गडबडीत. माझ्या भरवशावर त्यांनी न वाचता सही केली.

पण थांबा. संशयाने आंधळी झाले, एवढंच असतं तर मी हे कधीच कुणाला तरी सांगून मोकळी झाले असते.

छपाईआधीची प्रुफं आली तेव्हा वसुधा दोन दिवस कामावर नव्हती. तिला कळलं की काय? प्रुफं पर्समध्ये घालून मी लालबागला तिची चाळ गाठली. ती तापाने झोपली होती. वडील जमिनीवर बसलेले, पुढ्यात परात, परातीत पाणी — आणि पाण्यात माझी कार्डं. वरची तिकिटं सुटावीत म्हणून भिजत घातलेली.

"बसा बाई. ह्यां बघा, जपानचां," ते म्हणाले. मग वसुधाकडे बोट दाखवलं. "चेडू आणून देता. हात मोकळे रवले की डोक्यात काय बाय येता, म्हणान ह्यां करतंय." शेजारी एक वही होती. देशवार तिकिटं चिकटवलेली, किती नीट.

वसुधा उठून बसली. "ताई, प्रती पाठवून झाल्या तीच कार्डं आणली हं. तुम्हाला सांगायचं राहिलं. रागावलात?"

"छे गं," मी म्हणाले. चहा प्यायले. पर्स मांडीवरच होती. एक नाव शाईने लिहायचं, सरांना एक वाक्य सांगायचं — झालं. पण सर विचारणार, मुळात गाळलं कुणी? आणि का? ते माझ्याने सांगवलं नसतं. दुसऱ्या दिवशी दोन-चार स्वल्पविराम सुधारून प्रुफं मी टपालात टाकली.

निबंध छापून आला. शिष्यवृत्तीच्या अर्जाला वसुधाला तो हवा होता, मला माहीत होतं. "ताई, माझं नाव खाली कसं?" तिने विचारलं. "सरांनी ठरवलं," मी म्हणाले. सरांकडे जाऊन विचारायची तिची छाती नव्हती — तेही मला माहीत होतं.

शिष्यवृत्ती हुकली. वडिलांची गिरणी उघडलीच नाही. वसुधा वडाळ्याला एका पॅथॉलॉजीत लागली, लोकांचं रक्त-लघवी तपासायला. पुढे मी चौकशी केली नाही. सरही गेले.

परवा माझा सत्कार झाला. एका विद्यार्थिनीने उठून विचारलं — जेलमधली ती फिकट रेघ, जिच्यावर हा सगळा निबंध उभा आहे, ती पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आली? माझी नजर सभागृहभर फिरली. वसुधा कुठे बसलेली नाही ना? नव्हती.

"माझ्या," मी म्हणाले. टाळ्या पडल्या.

ती रेघ वसुधाने पाहिली होती. जेलची फिल्म खिडकीच्या उजेडाला धरून तिने मला दाखवली होती — एकदा नाही, दोनदा. आणि मी तिला म्हणाले होते, "घाण आहे ती. नीट धुवत जा."