सर येईपर्यंत वर्ग शांत

आता माझ्या हातून काय घडलं ते ऐका. हसायचं असेल तर चहा आधी खाली ठेवा, माझी हरकत नाही.

मी मुलुंडच्या एका शाळेत चौतीस वर्षं शिपाई होतो. रिटायर झालो आणि ऑनलाइन बी.ए.ला नाव घातलं. ॲडमिशन उशिरा झाली, त्यामुळे सुरुवातीची लेक्चरं बुडाली. आणखी एक जरी बुडालं तरी हजेरी कमी पडणार आणि परीक्षेला बसता येणार नाही. या वयात नापास झालो तर चालेल हो, पण बसूच दिलं नाही तर नातेवाइकांना काय तोंड दाखवू?

माझी मुलगी नेहासुद्धा कॉलेजात आहे. तिचं लेक्चर म्हणजे कॅमेरा बंद, अंगावर चादर, एका कानात इयरफोन. रेकॉर्डिंग असेल तर दुप्पट वेगाने ऐकते. चांगला भारदस्त प्रोफेसर पोपटासारखा बोलायला लागतो!

मी मात्र आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, दहा मिनिटं आधी लॅपटॉपसमोर.

"पप्पा, कॅमेरा बंद ठेवा ना. कोणीच चालू ठेवत नाही."

"तोंड लपवायला मी काय चोरी केलीय?"

त्या दिवशी नवे सर पहिल्यांदाच येणार होते. वेळ झाली तरी सरांचा पत्ता नाही. स्क्रीनवर चाळीस काळे चौकोन. कुठे कुकरची शिट्टी, कुठे गाणी.

आता तुम्हीच सांगा, सर येईपर्यंत वर्ग शांत कोणी ठेवायचा? शाळेत ते काम माझं. सवयीने तोंडातून निघून गेलं, "ए, आवाज कोणाचा?"

सगळं चिडीचूप.

"सॉरी सर," एक मुलगी म्हणाली.

सर! चौतीस वर्षांत मला कोणी सर म्हटलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. मी काही तिची चूक सुधारली नाही.

"कॅमेरे चालू करा बघू सगळ्यांनी!"

केले की! एक उशीवर, एक दात घासतोय, एक चक्क रिक्षात. मी एकेकाला सरळ बसवलं.

तेवढ्यात एक नवा चौकोन उघडला. टी-शर्ट, विस्कटलेले केस, हातात वडापाव.

"काय रे, ही काय यायची वेळ?"

"सॉरी, नेट गेलं होतं."

"नेट गेलं म्हणे! तो वडापाव ठेव आधी. आणि ऐक, हजेरीच्या वेळी आवाज आला नाही, तर गैरहजर. मागाहून कारणं सांगायची नाहीत."

त्याने वडापाव ठेवला. पोरगा गुणी वाटला मला.

"बरं," तो म्हणाला. "पण आपण कोण? मी इथला नवीन प्रोफेसर."

मी लॅपटॉपवर झडपच घातली. दिसतील ती बटणं दाबली. कॅमेरा गेला, माइकही गेला.

सरांनी हजेरी सुरू केली. माझं नाव आलं. मी खुर्चीतून ताडकन उठून ओरडलो, "हजर सर!"

त्यांनी पुन्हा नाव घेतलं.

"हजर सर!!" समोरच्या बिल्डिंगमधल्या वहिनी गॅलरीत आल्या. खाली वॉचमनने मान वर केली. सर पुढच्या नावाकडे गेले.

नेहा धावत आली. "पप्पा, वाट लावली तुम्ही! माइक बंद आहे!" तिने तो चालू केला.

"सर, मी हजर आहे हो! मघापासून ओरडतोय!"

"असाल काका," सर शांतपणे म्हणाले. "पण आवाज आला नाही. आणि मागाहून कारणं सांगायची नाहीत, असं आत्ताच ठरलंय वर्गात."

दात घासणारा हजर लागला. रिक्षातलासुद्धा. मी परीक्षेला पुढच्या वर्षी बसतोय.