पिसं फुटूस्तवर

मी तसा लबाड माणूस नाही. पण गेल्या संक्रांतीनंतर मी माझ्या सख्ख्या मायशी लबाडी केली, आणि तीही कोंबडीच्या पिल्लांच्या आडून.

झालं असं. माझी माय सोयगावला एकटी राहते. दिवाळीत अंगणात पाय घसरून पडली आणि मनगट मोडून घेतलं. मी तिला संभाजीनगरला, हडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत घेऊन आलो. प्लास्टर निघालं त्या दिवसापासून तिचं एकच टुमणं, "मला सोयगावला सोड." चहा दिला तरी सोयगाव, टीव्ही लावला तरी सोयगाव. मी आधीच तापट. एकदा ताट सरकवून ओरडलो, "तिथं कोण बसलंय तुझं? परत पडलीस तर तोंडात पाणी कोण घालणार?"

"घर हाय, दार हाय, शेजार हाय," ती म्हणाली. "तू वरडू नको. तुझं बीपी वाढंल."

हिच्याशी भांडून कुणाचं भलं झालंय? येत्या रविवारी सोडतो म्हणून कबूल केलं आणि मनातून पार खचलो.

शुक्रवारी कारखान्यातून सुटल्यावर शहागंजात गेलो होतो. तिथं एक चाचा खोकं घेऊन बसले होते. खोक्यात राणी, हिरव्या, नारंगी रंगात बुचकळलेली कोंबडीची पिल्लं. चिवचिव, चिवचिव, नुसता कालवा. मी वाकून बघायला लागलो तसे चाचा म्हणाले, "ले लेव साहब, बच्चे खेलेंगे."

"घर में बच्चे नहीं, अम्मा है."

"तो अम्मा खेलेगी," चाचा हसले. "बस, ठंड नक्को लगने देव. पर आने तक बल्ब के नीचे रखना."

"पिसं यायला किती दिवस?" मी मराठीतच विचारलं.

"महीना, सवा महीना."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माझ्या मायनं जन्मात कधी पिल्लू उघड्यावर टाकलेलं नाही. मी पाच पिल्लं घेतली.

"अगं बया! होळी खेळून आली का काय ही?" मायनं एकेक हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं. "मशीनची हायेत. आन् असली रंगीत विकत्यात ती सगळी नरच. अंड्याची आस धरू नको, येड्या."

"तुलाच आणलीत. रविवारी घेऊन जा सोबत," मी साळसूदपणे म्हणालो.

"एष्टीच्या वाऱ्यात? मरत्याल की! अंगावर पीस नाय एक." तिनं राणी रंगाचं पिल्लू पदराखाली धरलं. ते गप्प झालं. तिनं पदर आणखी लपेटून घेतला. मग म्हणाली, "पिसं फुटूस्तवर थांबते. मग एक दिवस बी नाय."

मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला डोळा मारला. "लाज नाही वाटत?" ती म्हणाली. खरं सांगतो, अजिबात वाटली नाही.

कूलरचं खोकं माळ्यावरून काढलं, तळाला पेपर अंथरला, वरून पिवळा बल्ब सोडला. मशीनमध्ये उबवलेल्या पिल्लांना आई माहीत नसते, त्यामुळे खायचं कसं हेही कुणी शिकवलेलं नसतं. माय खोक्याशी बसून ज्वारीच्या भरडीत बोटाचं टोक टकटक आपटायची, कोंबडी चोच मारते तसं. पिल्लं बोटाकडं बघायची, मग दाण्याकडं. दुसऱ्या दिवशी पाचही जणं टकटक करायला लागली. एकाचं बूड तुंबलं तर ते कोमट पाण्याच्या फडक्यानं पुसायचं काम माझ्याकडं आलं. नाक मुरडलं तर माय म्हणाली, "तुझं म्या किती वर्सं पुसलं?"

पहिल्या आठवड्यात दोन गेली. एक हिरवं, एक नारंगी. सकाळी बघितलं तर पाय ताणून पडलेली. माय त्या दिवशी जेवली नाही. जास्वंदीच्या कुंडीत त्यांना पुरताना मला पहिल्यांदा स्वतःची शरम वाटली. माझ्या डावपेचात दोन जीव गेले, असं मनात येत राहिलं.

उरली तिघं मात्र जोमानं वाढली. आधी पंखांच्या कडेला बारीक काड्या दिसल्या. काडीचं टोक फुटून त्यातून पांढरं पीस उलगडायचं आणि खोक्यात सगळा कोंडा पडायचा. मग शेपटीचा झुबका आला. मग खांद्यावर, मग पाठीवर. रंगवलेली लव गळत चालली आणि खालून पांढरीशुभ्र कोंबडी निघायला लागली. बघणाऱ्याला किती मौज वाटली असती! मला मात्र प्रत्येक पिसागणिक धसका बसायचा. कामावरून आलो की चष्मा लावून आधी खोक्यात डोकं घालायचो. सासरी गेलेल्या माझ्या लेकीला पहिला दात कधी आला ते मला सांगता येणार नाही, पाळीवर असायचो. पण हिरव्याच्या छातीवर पिसं कोणत्या दिवशी आली ते विचारा.

संध्याकाळी आम्ही दोघं खोक्याच्या दोन बाजूंना बसायचो. माय एकेक पिल्लू मांडीवर घेऊन पिसांतून बोट फिरवायची आणि बोलत राहायची. कुणाच्या म्हशीनं कुणाचं कडवळ खाल्लं, इथपासून सगळं. मी दहा वर्षांचा असताना मला शिकायला शहरातल्या बोर्डिंगात टाकलं. त्यानंतर सुट्टीचा पाहुणा, मग नोकरी, मग लग्न. मायपाशी असा रोज संध्याकाळी मी कधी बसलोच नव्हतो. बोर्डिंगात निघायच्या सकाळी माझा एक बूट हरवला होता आणि एष्टी चुकली होती. वडील लई चिडले. बूट दुसऱ्या दिवशी ज्वारीच्या कणगीत सापडला. तेव्हापासून घरात माझं नाव वेंधळा पडलं ते पडलंच. आजही चष्मा हरवला की मी स्वतःच म्हणतो, वेंधळा जातीचा.

महिना सरला. हिरवं आणि नारंगी अंगभर पांढरं झालं, तुरे लाल व्हायला लागले, दोघं खोक्याच्या काठावर चढून बसायची. राणी रंगाचं तेवढं मागं होतं. त्याच्या टाळूवर लवेचा एक गुलाबी झुबका टिकून होता.

"ह्याचं डोकं झालं की निघायचं," माय म्हणाली.

त्या झुबक्यावर माझा सगळा जीव टांगलेला. आणि एका रविवारी सकाळी बघतो तर झुबका नाही! सगळं डोकं पांढरं. माय आंघोळीला गेली होती. पुढचं मी कसं केलं, माझं मलाच कळलं नाही. पन्नाशी उलटलेला माणूस, कारखान्यात स्टोअर सांभाळतो, चार माणसं हाताखाली. बायकोच्या रांगोळीच्या डब्यातला राणी रंग काढला, बोट ओलं केलं आणि त्या बिचाऱ्याच्या टाळूवर चोळला. ते शिंकलं. मी त्याला म्हणालो, "बाबा रे, आठच दिवस सांभाळून घे."

माय आली. पिल्लू मांडीवर घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि तळहात उजेडाकडं धरला. तळहात गुलाबी झाला होता. रांगोळीची कच चमकत होती.

मी पेपरात तोंड खुपसलं.

"रंग लावून पिसं मागं जात्यात व्हय रं?"

मान वर केली तर ती रागावलेली नव्हती. हसत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

"अगदी माझ्यावर गेलास," ती म्हणाली. "तुझा बूट कणगीत कुणी ठिवला, असं वाटतं तुला?"

मी पेपर खाली ठेवला.

"तुझ्या बापाचं म्हणणं खरं व्हतं, शिकायला जायलाच पायजे. पर मला एक दिस तुला अजून जेऊ घालायचं व्हतं. एकच दिस मिळाला. तुला तर सव्वा महिना मिळाला की!"

"माय, आख्खा जन्म मला वेंधळा म्हणत आलीस तू!" मी भडकलो. खरंच भडकलो. आणि मग माझाच आवाज असा फाटला की बायको हातातलं पीठ घेऊन बाहेर आली.

माय माझ्या पाठीवर हात फिरवत होती, तोच गुलाबी हात. "जाऊ दे मला, राजा," ती म्हणाली. "तुला जाऊ दिलंच ना म्या."

पुढच्या शनिवारी सुट्टी टाकली आणि आम्ही निघालो. झाकणाची टोपली मायच्या मांडीवर, आत तिघं. अजिंठ्याच्या घाटात वारा आत घुसला तशी तिनं टोपलीत हात घालून चाचपलं. "उबदार हायेत. आता काय बी व्हत नाय त्यांना," असं मला सांगितलं. मी खिडकी लावून घेतली. लावायची काही गरज नव्हती.

सोयगावात रविवारभर राबलो. न्हाणीपासून अंगणापर्यंत धरायला लोखंडी पाइप बसवून घेतला, फरशी टाचून खरबरीत केली, शेजारच्या वहिनींना सकाळ-संध्याकाळ डोकवायला सांगितलं, त्यांच्या फोनमध्ये माझा नंबर घातला. तिघं कोंबडे अंगणात माती उकरत सुटले होते. राणी सगळ्यात मागं, पण सगळ्यात जास्त उड्या त्याच्याच. आरवायचा प्रयत्न केला तर घशातून नुसतं खर्र निघालं. माय पोट धरून हसली. मी तिला कितीतरी दिवसांनी असं हसताना बघितलं, आणि माझ्या घरात ती असं कधी हसली नव्हती हेही कळलं. बरं वाटलं आणि लागलंही.

सोमवारी दुपारची पाळी होती, म्हणून पहाटेची एष्टी गाठायची होती. पिशवी भरली, मायच्या पाया पडलो, उंबऱ्याबाहेर आलो. चप्पल एकच.

मागं वळून बघितलं. माय चुलीपुढं सूप घेऊन बसली होती, कोंबड्यांसाठी ज्वारी पाखडत. मान वर केली नाही.

"माय, चप्पल बघितली का माझी?"

"वेंधळा त्यो वेंधळाच," ती म्हणाली आणि पाखडत राहिली.

चौकावर एष्टीचा हॉर्न वाजला. घरात आता कणगी नाही, पत्र्याची कोठी आहे. तिचं झाकण जरा तिरकं लागलं होतं. मी तिकडं गेलो नाही. पिशवी खुंटीला अडकवली आणि साहेबांना फोन लावला. म्हटलं, "साहेब, आज येणं होत नाही. चप्पल हरवली."