कोऱ्या पत्रावरचा अंगठा

कुणी काही सांगितलं की तो हातातलं काम खाली ठेवायचा, मान किंचित लववायचा आणि म्हणायचा, "मोऊ इचिदो." जपानीत याचा अर्थ पुन्हा एकदा. मग समोरच्याला तेच परत सांगावं लागायचं, त्याला कळलेलं असलं तरी. आमच्या ओतकामाच्या कारखान्यातले लोक वैतागायचे. "जपानला जाऊन बेणं भैरं होऊन आलंय," असं त्याच्या तोंडावर म्हणायचे. तो तेही परत म्हणायला लावायचा.

तो वारल्यालाही आता बरीच वर्षं झाली. लोकांना त्याचं ते वेड तेवढं आठवतं. तुम्हीही एखाद्या खोडीवरूनच माणूस लक्षात ठेवत असाल. मला ती खोडी कुठून आली ते ठाऊक आहे, म्हणून लिहिते.

मी त्याच कारखान्यात वाळू चाळायला होते आणि आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी चौथी शिकलेली, त्यामुळं गल्लीतल्या बायकांची पत्रं वाचायचं आणि लिहायचं काम माझ्याकडं. स्वातंत्र्यानंतर सात-आठ वर्षांनी मालकांनी त्याला इंजिनाचे भाग ओतायची नवी रीत शिकायला दोन वर्षांसाठी जपानला पाठवलं. घरी आई एकटी. तिला अक्षर येत नव्हतं. त्याची पत्रं मी तिला वाचून दाखवायची, ती सांगेल ते उत्तर लिहायची आणि खाली ती अंगठा उमटवायची.

पहिली पत्रं रडकी होती. तिकडचं बोलणं त्याला कळेना आणि कळलं नाही म्हणायची लाज. आपल्याकडं साहेब बोलला की मान डोलवायची, उलट विचारायचं नाही. तो तिकडंही सगळ्याला मान डोलवत राहिला. एक दिवस फोरमननं साचा इतक्यात उघडू नको म्हणून सांगितलं. यानं मान डोलवली आणि उघडला. आतला लोखंडाचा रस थिजला नव्हता. शेजारच्या कामगाराचा पाय भाजला. म्हातारा फोरमन ओरडला नाही. त्यानं याला समोर उभं केलं आणि ते दोन शब्द दिवसभर घोकून घेतले.

हे ऐकून आई म्हणाली, "लिही त्याला. मान हलवायला काय, बैल बी हलवतोय."

तिचं बोलणं असंच. लेकाला तिनं गोड असं एक पत्र घातलं नाही. पुढं त्याला भाषा जमू लागली. लिहायचा, इथं चपट्या वस्तू मोजायचे शब्द वेगळे, लांब वस्तूंचे वेगळे. आईनं विचारायला लावलं, मग भाकरी कशात मोजतात? महिन्याभरानं उत्तर आलं, चपट्यात. म्हातारी दोन दिवस गल्लीला सांगत फिरली.

वर्ष झालं आणि तिच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी हात टेकले. मी म्हणाले, त्याला बोलावून घेऊ.

"आला तर परत कोण धाडतंय त्याला?" ती म्हणाली. "अर्धं शिकलेलं दोन्हीकडं उपाशी. तू पत्रं घालत ऱ्हा."

ही बाई कोऱ्या कागदाला शिवत नव्हती. नवरा गेल्यावर दिरानं कोऱ्या कागदावर तिचा अंगठा घेऊन कागलकडचं रान लाटलं होतं. तेव्हापासून लिहिलेलं सगळं वाचून दाखवल्याशिवाय ती अंगठा द्यायची नाही. मलासुद्धा. त्या दिवशी तिनं परदेशी पाठवायची चार निळी पत्रं आणायला लावली आणि चारही कोऱ्या पत्रांवर खाली अंगठा उमटवला. चौथ्याला शाई सरत आली, तो अंगठा पुसट आला.

पंधरा दिवसांत ती गेली. अग्नी पुतण्यानं दिला. लेकाला कळवलं नाही म्हणून गल्ली मला बोलली. लेक सुतकात असून तिकडं गोडधोड खात असेल, हे पाप कुणाच्या माथी? उरलेल्या वर्षात मी तिच्या नावानं तीन पत्रं घातली.

तो परत आला तो सरळ माझ्या दारात. ट्रंक खाली ठेवली. मी म्हणाले, आई गेली, वर्ष होत आलं, मीच कळवलं नाही. थोबाडीत बसेल म्हणून तयार होते.

"ठावं हाय, अक्का," तो म्हणाला. "अंगठा आईचा हुता, बोलणं तुझं हुतं. आईनं कधी 'जेवलास का' म्हणून इचारलंय व्हय मला?"

त्या तिनातल्या पहिल्याच पत्राला त्यानं ओळखलं होतं. डोक्याचे केस काढले. भाषा येत होती तरी कुणाला काही सांगितलं नाही. फोरमननं डोक्याकडं पाहिलं आणि त्या दिवशी त्याला भट्टीवर न घेता वाळूवर बसवलं.

मला राग आला. मग कळवायचं नाही का, मी इथं चोरासारखी दिवस काढले, असं मी बोलले.

"कळवलं असतं तर तू पत्रं घालायची थांबली असतीस," तो म्हणाला.

मग त्यानं विचारलं, कशी गेली. मी सांगितलं, सकाळी, झोपेत, त्रास झाला नाही.

तो उठून उभा राहिला. मान लववली. "मोऊ इचिदो."

पत्रात वाचलेले ते शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. मी पुन्हा सांगितलं. झोपेत नाही. दोन दिवस कळा देत होती. शेवटी त्याला हाका मारत होती. मी तार करायला उठले तर माझं लुगडं मुठीत धरलं आणि ती मूठ सोडवता आली ती जीव गेल्यावरच.

या खेपेला त्यानं परत सांगायला लावलं नाही. मानही हलवली नाही.

चौथं पत्र माझ्याकडं उरलं होतं. ते आणून त्याच्या हातात दिलं. तो उंबऱ्यावर बसला आणि त्या कोऱ्या पत्रावरून, ओळीमागून ओळ वाचावी तशी, वरपासून नजर फिरवत खाली अंगठ्यापर्यंत आला. मग पुन्हा वरून सुरू केलं.