साक्षगंधातले पिवळे दात

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मला थंड पाणी पिता येईना. वणीत डांबर वितळत होतं आणि मी पेल्यातलं माठाचं पाणी कोमट व्हायची वाट पाहत बसायचो. घोट गार लागला की डाव्या दातांतून कळ थेट कानशिलात जायची.

शेवटी बायकोनेच दातांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण मुलगी होती. तपासून म्हणाली, "सर, ब्रश फार जोरात घासता तुम्ही. हिरड्या मागे सरकल्यात, मुळं उघडी पडलीत."

मी शाळामास्तर. दात खसाखसा घासण्याचा मला अभिमानच होता. तिने दात कोरडे केले आणि बारीक ब्रशने त्यांवर चिकट, गोडसर असं काही लावलं.

"हे फ्लोराइडचं व्हार्निश. आज गरम, कडक काही खायचं नाही. ब्रश उद्या सकाळी. तोवर दात पिवळे दिसतील."

नेमकं त्याच संध्याकाळी मुकुटबनला मेहुणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. मी तोंड मिटून हसत होतो, पण पाहुण्यांशी बोलताना दात दिसलेच. सासऱ्यांनी मला मांडवामागे नेलं.

"जवाई, खरं सांगा. खर्रा खाऊन राह्यले का तुमी? शाळेत तं पोरायले तंबाखू सोडा म्हनता."

"नाही हो मामाजी. व्हार्निश लावलं दाताले."

"दाताले? ते तं दाराले लावतेत."

बायको आली, तिने सगळं सांगितलं. तरी त्यांनी माझं तोंड उघडायला लावून दिव्याखाली नीट पाहिलं. नवरदेवाकडच्या दोन मावश्याही पाहायला आल्या. सगळे वडे खात होते, मी मऊ दहीभात खाल्ला. त्या दिवशी नवरीपेक्षा माझ्याच चेहऱ्याकडे जास्त लोकांनी पाहिलं असेल.

सकाळी पिवळेपणा गेला. कळ हळूहळू कमी झाली. पुढे आणखी एकदा व्हार्निश लावलं, मऊ ब्रश घेतला, आणि मे संपायच्या आत मी बर्फ घातलेला उसाचा रस प्यायलो.

मग एक दिवस सासऱ्यांचा फोन आला. आवाज दबका होता.

"त्या डॉक्टरीनबाईकडं मलेबी न्या. लय दिवसाचं थंड लागते. कोनाले सांगतलं नाही."

मी त्यांना घेऊन गेलो. परतताना त्यांनी घरातल्या सगळ्यांसाठी मऊ ब्रश घेतले. सासूबाई सांगतात, आता ते रोज सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसतात आणि कोणी जोरात घासलं की तिथूनच म्हणतात, "हळू."