कागदाच्या रंगाचं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवालाही नाही — त्याच्यापुढे हात जोडले की मी मुद्दाम गुडघेदुखीचा विषय काढते. आज मात्र सांगतेच. पण आधी त्यातली गंमत सांगू द्या — गंमत कळल्याशिवाय माझा नीचपणा कळायचा कसा?

पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. इथे कतारमध्ये, दोह्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाची पानं मी एकटी लावायचे, अल अझीझियाच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर. वय पन्नास, अक्कल बेताची, तोरा विचारू नका! पानं लावायचं सॉफ्टवेअर नवंनवं शिकले होते. आणि काय जादू हो ती! फोटोखाली ओळ टाइप करा, एंटर मारा — पुढची ओळ, फोटो काढणाऱ्याच्या नावाची, आपोआप बारीक, तिरकी, करडी! नावांची स्टाइल एका जागी बदलली की अख्ख्या अंकातली नावं एका क्षणात बदलायची. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या होत्या.

त्या वर्षीचे सगळे फोटो फिलोचे. फिलोमिना — वसईची, इथे हॉस्पिटलात नर्स. ड्यूटी संपवून आमच्या गणपतीला यायची, चपला काढून कोपऱ्यात उकिडवी बसायची, आणि असे फोटो काढायची की आरतीतल्या बायकांनी स्वतःच्याच प्रेमात पडावं. तिचं नाव आयुष्यात पहिल्यांदा छापून येणार होतं. एक अंक वसईला, बाबांसाठी — हे ती भेटेल त्याला सांगत होती.

प्रूफ बघायला कमिटी जमली. ‘फिलो, काय फोटो आहेत!’ ‘फिलो, कमाल!’ आणि माझी पानं? माझे ते काटेकोर समास? कुणी चकार शब्द काढला नाही. चकल्या तेवढ्या संपवल्या मेल्यांनी.

सगळे गेल्यावर मी कॉम्प्युटरपुढे बसले. नावांच्या स्टाइलचा रंग उघडला. तिथल्या यादीत ‘कागद’ नावाचाच एक रंग असतो, माहीत आहे? पांढरा. मी करडा काढला आणि — तो निवडला. एक क्लिक. सगळ्या फोटोंखालची फिलो नाहीशी! पुसली नाही हं — तिथेच होती, पांढऱ्यावर पांढरी. आणि मला कसं वाटलं? आनंद झाला. काय पण माझं डोकं, असं वाटलं! तशीच फाइल छापायला दिली.

अंक आल्यावर फिलो पानं उलटत राहिली. मी म्हटलं, “अगं, सॉफ्टवेअरनं आपोआप केलं बघ.”

“जाऊ दे गं ताई,” ती म्हणाली, “मशीनच ते.” वर मलाच चहा करून दिला.

पुढच्या वर्षी ती वसईला परत गेली.

परवा नात रेवा शाळेच्या वार्षिकाची पानं लावत होती. मला कुठला दम! जुनी फाइल काढून दाखवली — बघ, आजीला कधीपासून येतं! पोरीनं फोटोखालच्या कोऱ्या जागेवरून माऊस ओढला आणि नावं उमटली.

“आजी, हे व्हाइट कुणी केलं?”

“आपोआप झालं.”

“नो आजी. इट डझंट डू दॅट. समबडी पिक्ड इट.”

मी काय म्हणाले असेन? “यल्ला, जेवायला चल.” पासष्टी उलटली तरी तीच मी!

एक राहिलं. तो अंक वसईला पोचल्यावर फिलो बाबांशी बोलली होती, आणि मग तिनं मला फोन केला. बाबा म्हणे भिंग घेऊन बसले होते — एकेका फोटोखाली भिंग धरून लेकीचं नाव शोधत, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. मग पुन्हा पहिल्यापासून. हे सांगताना फिलो हसत होती.

मीही हसले.